चार बोटांची फट

गाडी खाली घ्यायची म्हटलं की गॅरेजात पहिला प्रश्न येतो, "किती बोटं ठेवायची?" टायरचा माथा आणि मडगार्डची कमान यांच्यामधल्या फटीत हात घालायचा, चार बोटं जात असतील तर दोनच जातील एवढी गाडी उतरवायची आणि फोटो काढायचा. दिसायला काम झकास होतं. मग गोव्यात पर्वरीहून म्हापशाला पोचेपर्यंत मागे बसलेल्यांचे दात वाजतात आणि सगळा दोष स्प्रिंगवर जातो, "स्प्रिंगच कडक निघाली."

बहुतेक वेळा स्प्रिंग निर्दोष असते. चाकाला वर जायला जागाच उरलेली नसते, म्हणून गाडी दणके देते. बोटांनी मोजलेल्या फटीवरून गाडी कशी दिसेल एवढंच कळतं. गाडी कशी चालेल हे सांगणारी फट वेगळी. ती शॉकअपच्या रॉडवर, धुळीच्या रबरी बुटाखाली झाकलेली असते.

रॉडवरची फट

शॉकअपच्या चकचकीत रॉडच्या वरच्या टोकाला फोमसारखा पॉलियुरेथेनचा एक ठोकळा बसवलेला असतो, तो बंप स्टॉप. चाक खड्ड्याच्या काठावर आपटून वर उसळलं की शॉकअपचं नळकांडं रॉडवरून वर सरकतं आणि शेवटी या ठोकळ्याला भिडतं. भिडेपर्यंत तुम्ही स्प्रिंगवर बसलेले असता, भिडल्यानंतर जवळजवळ ठोकळ्यावर. "गाडी खाली आपटली" म्हणतात ते हेच.

ही जागा मोजायला एक केबल टाय पुरतो. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे चाकाआडून पुढच्या स्ट्रटपर्यंत (शॉकअप आणि त्यावर बसवलेली स्प्रिंग) हात जातो. बूट वर सरकवा, टाय रॉडभोवती घट्ट आवळा, पण ढकलला तर सरकेल इतपतच, आणि तो खाली नळकांड्याच्या तोंडाला टेकवून ठेवा. गाडी सपाट जमिनीवर, चाकं जमिनीला टेकलेली. आता टायपासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहा. मग नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसह पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. टाय जिथवर ढकलला गेला तिथवर नळकांडं पोचलं होतं. परत सपाट जागी उभं करून नळकांडं ते टाय मोजलं की रोजच्या रस्त्याला तुमची गाडी किती जागा खाते ते कळतं. टाय ठोकळ्याला चिकटलेला आढळला, तर मूळ उंचीवरसुद्धा गाडी अधूनमधून ठोकळ्यावर जाते आहे.

आता हिशोब. समजा छोटी हॅचबॅक आहे, पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोललेलं वजन २७५ किलो आणि चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला १७ न्यूटन. ही गाडी सेकंदाला सव्वा वेळा डोलते, म्हणजे १.२५ हर्ट्झ. घरगुती गाडीला १ ते दीड हर्ट्झमध्ये बरं वाटतं. पावणेदोनच्या पुढे गेलं की पाठीला जाणवायला लागतं. रॉडवरची मोकळी जागा समजा ५५ मिमी निघाली. ठोकळ्याला भिडण्याआधी स्प्रिंग जेवढी ऊर्जा पोटात घेते, ती ताठरपणाचा निम्मा गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे सुमारे २६ जूल.

गाडी ३० मिमी उतरवली आणि स्प्रिंग २५ टक्के ताठ, म्हणजे २१ न्यूटनची घेतली. डोलणं १.४ हर्ट्झवर गेलं, म्हणजे अजून आरामाच्या हद्दीत. पण मोकळी जागा उरली २५ मिमी आणि ऊर्जा साडेसहा जूल. चौथा हिस्सा! आता ठोकळा १५ मिमीने आखूड केला तर जागा ४० मिमी होते आणि ऊर्जा १७ जूलवर येते. स्प्रिंग तीच, उंची तीच, आणि चालण्यात जमीन-अस्मानाचा फरक. मूळचे २६ जूल परत हवेच असतील तर ४० मिमीत ३२ न्यूटनची स्प्रिंग लागेल. ती गाडी १.७ हर्ट्झने डोलेल, आणि दिवाडी बेटावरून आजीला घेऊन येणाऱ्या माणसाला ती नको असते.

याच हिशोबाने ४५ मिमी उतरवली तर ठोकळा कापूनही साडेसहा जूलच हाती राहतात. म्हणून आराम राखायचा असेल तर साध्या हॅचबॅक-सेडानला २५ ते ३० मिमीच्या पुढे जाऊ नये, हे आमचं ठाम मत. तीस मिमी म्हणजे दीड-पावणेदोन बोटं. फोटोत ती पुरेशी दिसतात.

ठोकळा कापताना एक चूक सर्रास होते: निमुळतं टोक छाटलं जातं, कारण ते हाताशी येतं. निमुळता भाग आधी दबतो म्हणून ठोकळा हळूहळू ताठ होत जातो. तो काढला की नळकांडं थेट जाड भागावर आदळतं. कापायचं ते वरच्या, जाड बाजूने, खाचेच्या रेषेत, धारदार ब्लेडने. आणि पूर्ण काढून टाकणं तर नकोच. ठोकळा नसेल तर शॉकअपच्या आतला पिस्टन तळाच्या झडपेवर आपटतो, आणि नवा शॉकअपसुद्धा काही महिन्यांत तेल गाळायला लागतो. स्प्रिंगसोबत आखूड ठोकळे मिळत असतील तर तेच घालावेत.

एक अवांतर. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर कोंबलेले असतात, गाडी वर राहावी म्हणून. खाली घ्यायच्या गाडीत ते विसरून राहिले तर वेढे दबतच नाहीत आणि सगळा हिशोब पाण्यात. आधी ते काढा.

स्प्रिंग कापणं, तापवणं, विकत घेणं

ग्राइंडरने एक वेढा उडवणं हा स्वस्तातला उपाय. स्प्रिंगचा ताठरपणा कामाच्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहातला एक कापला तर उरलेली स्प्रिंग २० टक्के ताठ होते. तेवढ्यापुरतं हे शास्त्राला धरून आहे. बिघडतं ते टोकाशी. स्ट्रटच्या बैठकीत स्प्रिंगचं टोक टेकायला एक पायरी असते आणि मूळ टोक त्या बैठकीच्या घडणीला धरून वळवलेलं असतं. कापलेलं टोक तिरकं टेकतं, बैठकीचं रबर फाडतं आणि वळणावर ठणठण वाजतं.

गॅस कटिंगच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणं हे मात्र कुणी फुकट करून दिलं तरी करू नका. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी ठरावीक तापमानाला दिलेलं असतं. ज्योत लागली तिथे ते उतरतं. गाडी आज हवी तेवढी बसते, पावसाळ्यापर्यंत आणखी बसते, आणि एक दिवस स्प्रिंग नेमकी तापवलेल्या जागेच्या शेजारी तुटते. तुटलेलं टोक टायरच्या बगलेत घुसू शकतं.

तयार लोअरिंग स्प्रिंग विकत घेताना लोक जुनी आणि नवी शेजारी उभी करतात आणि दचकतात: ३० मिमी खाली म्हणून विकलेली स्प्रिंग ६० मिमीने आखूड कशी? वरचंच उदाहरण घ्या. १७ न्यूटनची स्प्रिंग २७५ किलोखाली १५९ मिमी दबते, २१ न्यूटनची १२८ मिमी. ताठ स्प्रिंग ३१ मिमी कमी दबते, तेवढी ती आधीच आखूड करावी लागते, आणि उतरवायचे ३० वेगळे. यात फसवणूक काही नाही. अडचण दुसरीच: जॅकवर चाक लोंबकळलं किंवा अरुंद गतिरोधकावरून चाक हवेत गेलं की इतकी आखूड स्प्रिंग बैठकीत सैल पडू शकते. म्हणून चांगले कारखाने तिला दोन-तीन मऊ वेढे देतात. गाडी जमिनीवर असताना ते मिटलेले असतात, चाक लोंबलं की उघडतात आणि स्प्रिंग जागेवर धरतात. 'प्रोग्रेसिव्ह म्हणजे आरामदायी' अशी जाहिरात असते तिचा अर्थ पुष्कळदा एवढाच. बसवल्यावर चाक जॅकवर लोंबकळत ठेवून स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. सहज फिरली, तर ती घ्यायची नाही.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगांची जोडी मोडू नका. चारचाकीचे मागचे स्प्रिंग पुढच्यांपेक्षा थोड्या वेगाने डोलतील असे निवडलेले असतात. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३०च्या दशकात हे घालून दिलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. मागचा भाग थोडा जलद डोलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. फक्त पुढच्या स्प्रिंग बदलल्या की हे उलटतं आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलायला लागते. नव्या महामार्गावर, वेगात, हे फार जाणवतं.

शॉकअप आणि रम्बलर

स्प्रिंग २५ टक्के ताठ झाली तर तिला तेवढंच आवरायला शॉकअपचा विरोध सुमारे १२ टक्के जास्त लागतो. नवा मूळ शॉकअप हा फरक कसाबसा निभावतो. साठ हजार किलोमीटर झालेला निभावत नाही. गाडी गतिरोधक उतरून दोन-तीनदा उसळते. म्हणून स्प्रिंग बदलताना जुने शॉकअप ठेवून पैसे वाचवू नका. शक्यतो आखूड नळकांड्याचे, खाली घेतलेल्या गाडीसाठीच बनवलेले घ्यावेत, म्हणजे पिस्टन पुन्हा मधल्या जागी काम करतो. बिल्स्टाइनमध्ये बी६ हा मूळ उंचीसाठी आणि बी८ आखूड स्प्रिंगसाठी आहे. दोन्ही पिवळे, आणि पिवळा दिसला की घेतला, असं होतं.

'जितका कडक तितका चांगला' हे गोव्यात सगळ्यात आधी हरतं, ते रम्बलरवर. शाळेजवळ, जंक्शनच्या आधी, उतारावर, ओळीने मारलेल्या त्या पट्ट्या. समजा दोन पट्ट्यांत मीटरभर अंतर आहे आणि गाडी ताशी ४० किमीने जाते आहे. चाकाला सेकंदाला अकरा ठोके बसतात, आणि चाक-ब्रेक-हबचं ओझं टायरच्या हवेवर स्वतः १० ते १५ हर्ट्झने थरथरतं. दोन्ही जुळले की चाक नाचतं. इथे शॉकअप दाबताना मऊ हवा. सुटतानाचा विरोध मात्र नको इतका वाढवलेला असेल तर एका पट्टीवर आत गेलेलं चाक पुढची पट्टी येण्याआधी पूर्ण बाहेर येत नाही. पुन्हा आत जातं, पुन्हा अर्धंच येतं. पाच-सहा पट्ट्यांत गाडी बसत बसत ठोकळ्यावर जाते आणि उरलेल्या पट्ट्या दगडावर बसल्यासारख्या लागतात. वारंवारता ओळखून मऊ होणारे शॉकअप, उदाहरणार्थ कोनीचे स्पेशल अ‍ॅक्टिव्ह, अशा रस्त्याला चांगले.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) घ्यायचे असतील तर एकच गोष्ट तपासा: उंची कशाने बदलते? काहींत स्प्रिंगची बैठकच वर-खाली होते, म्हणजे गाडी उतरवली की रॉडवरची जागा तेवढीच घटते. काहींत खालचा कंस नळकांड्यावर आटे फिरवून सरकतो आणि रॉडचा प्रवास शाबूत राहतो. दुसरे महाग, पण आराम तिथेच आहे. क्लिकवाले (कडकपणा टप्प्याटप्प्याने बदलणारे) शॉकअप सगळ्यात मऊपासून सुरू करा आणि एकेका क्लिकने वाढवा. गतिरोधकानंतर गाडी एका हेलकाव्यात थांबली की पुढे जाऊ नका. स्प्रिंगला आवळून प्रीलोड दिला की ती ताठ होते, हा समज खोटा आहे. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा ताठरपणा आवळून बदलत नाही, उंची बदलते.

एअर सस्पेन्शनबद्दल (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) थोडक्यात: बटणावर गाडी वर-खाली होते, पण इथल्या दमट हवेत टाकीत पाणी साठतं, ते नियमाने काढावं लागतं, आणि सगळ्या नळ्या-झडपा सांभाळायच्या. रोजच्या गाडीला नको.

बसवताना

आधी चारही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजून लिहा. टाकी अर्धी, टायरमध्ये दारावरच्या चिठ्ठीइतकी हवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज हिशोबात शिरते, म्हणून चाकाचा मध्य.

पुढे स्ट्रट काढण्याआधी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. स्ट्रट नकलशी (चाकाचा हब धरणाऱ्या भागाशी) जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा पंचने किंवा रंगाने खूण करून ठेवा, कारण तिथेच कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, ठरतो. नकल बाहेर लोंबकळू देऊ नका. ड्राइव्ह शाफ्ट आतल्या सांध्यातून निसटतो आणि एका तासाचं काम दिवसाचं होतं. तारेने बांधून ठेवा. स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या दोन हुका समोरासमोर लावून आळीपाळीने हाताने आवळा, इम्पॅक्ट गनने नाही. स्प्रिंग दोन्ही बैठकींतून मोकळी झाल्याची खात्री होईपर्यंत माथ्यावरचा मधला नट सोडायचा नाही. दबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड आणू नये, हे वेगळं सांगायला नको. वरचा माउंट आणि त्यातलं बेअरिंग हाताने फिरवून पाहा; किरकिर असेल तर आत्ताच बदला, नंतर पुन्हा सगळं उघडावं लागेल. स्प्रिंगचं टोक पायरीला भिडवूनच नट आवळा.

मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर काम सोपं: बीमखाली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळू उतरवा, स्प्रिंग हातात येते. फक्त ब्रेक पाइप ताणला जात नाही ना ते पाहत राहा.

आता ती गोष्ट जी दहापैकी आठ वेळा राहून जाते. लोअर आर्मचे (चाक खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) आणि मागच्या बीमचे रबरी बुश बोल्ट आवळला की मधल्या नळीला जखडले जातात. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. त्याची सरळ, न पिळलेली स्थिती म्हणजे बोल्ट आवळतानाची स्थिती. मूळ उंचीवर आवळलेला बुश गाडी ३० मिमी उतरवल्यावर कायम पिळलेला राहतो. पिळलेलं रबर ही एक जास्तीची स्प्रिंगच. गाडी कारण नसताना ताठ वाटते आणि वर्षभरात बुश फाटतो. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर हे बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, आणि मग चाकांवर भार असतानाच, पिटमध्ये किंवा रॅम्पवर, कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. जॅकवर चाकं लोंबत असताना आवळू नका. पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो, आणि आरामात पडणारा फरक कुणालाही कळतो.

अलाइनमेंट लगेच नको. नव्या स्प्रिंग तीन-चारशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. मग उंची पुन्हा मोजा, डावी-उजवी तपासा आणि मग मशीनवर घ्या. मॅकफर्सन स्ट्रटला ३० मिमीत साधारण अर्धा अंश उणा कॅम्बर वाढतो, त्याने काही बिघडत नाही. टायरची आतली कड खाल्ली जाते ती मुख्यतः टोमुळे, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळल्यामुळे. उंची बदलली की टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोन बदलतात आणि चाकांची तोंडं फाकतात किंवा मिटतात. कॅम्बर बघून टो सोडला तर दहा हजार किलोमीटरमध्ये टायर आतून गोटा. खूप खाली घेतलेल्या गाडीत लोअर आर्म आडवा न राहता बाहेरच्या टोकाला वर चढतो, आणि तिथे एक गंमत होते: गाडीचा रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणून खाली घेतलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलायला बघते. चोर्ला घाटात हे लगेच कळतं.

फट टायरने भरा

खाली घेण्याचा हेतू फट कमी दिसावी एवढाच असेल तर बरंचसं काम टायर करतो, पण उलट्या टोकाने, म्हणजे रिम मोठी आणि बगल बारीक करून, करू नका. १८५/६५ आर १५ (रुंदी मिमीत, बगल रुंदीच्या किती टक्के, रिम किती इंच) च्या बगलेची उंची १२० मिमी. १९५/५५ आर १६ ची १०७. २०५/४५ आर १७ ची ९२. बाहेरचा व्यास तिघांचा जवळजवळ सारखा, म्हणजे फट तेवढीच राहिली आणि खड्डा आधी झेलणारी रबराची गादी २८ मिमीने गेली. वर मोठ्या रिमचं वजन चाकावर आलं. खाली घेतलेल्या गाडीला १५ इंच ठेवा, फार तर १६. पावसाळ्यात इथल्या खड्ड्यांत पाणी भरलेलं असतं, खोली दिसत नाही. ९२ मिमीच्या बगलेमागे रिम उभी असते.

पोट कुठे घासणार

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीप्रमाणे बांधलेला गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर. गाडी बरोबर माथ्यावर असताना चारही चाकं गतिरोधकावरच असतात, आणि माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४४ मिमी वर येतो. असा गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीलाही काही करत नाही. घात करतो तो गावातल्या वाड्यावर रातोरात उभा राहिलेला हात-दोन हात रुंदीचा, १२ सेंमी उंचीचा. दोन चाकं ओलांडून गेली की पोटाखाली पूर्ण १२ सेंमी उभे. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ३० गेले, १३३ राहिले. चार माणसं बसली की आणखी पंचवीस-तीस जातात. घासलं. अशा ठिकाणी गाडी तिरकी घाला, एकेक चाक चढू द्या, किंवा मागच्यांना उतरवा.

हॉटमिक्सचे थर चढत गेल्याने बऱ्याच जुन्या घरांची फाटकं रस्त्याच्या खाली गेली आहेत. फेरीबोटीचा धक्का त्याहून अवघड, कारण ओहोटीला चढ उभा होतो. पुढच्या टायरच्या टेकण्यापासून बंपरची कड ६० सेंमी पुढे आणि २० सेंमी वर असेल तर गाडी १८ अंशांचा चढ न घासता घेते. ३० मिमी उतरवल्यावर १६ अंशांहून थोडा कमी. चोडण-दिवाडीला रोज जाणाऱ्याने ओहोटीला धक्क्यावर उभं राहून कोन डोळ्यांनी पाहावा आणि मगच स्प्रिंग मागवावी.

किनाऱ्याजवळ खारी हवा स्प्रिंगचा रंग उडालेल्या जागी आधी गंज आणते. मिटणारे वेढे एकमेकांवर घासतात तिथेच रंग उडतो, तिथेच चीर पडते. समुद्राकडून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा. कॉइलओव्हरच्या आट्यांना ग्रीस फासू नका, तांबडी माती चिकटून त्याचा सँडपेपर होतो. मेणासारखा सुकणारा लेप लावा.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करण्याआधी वाहतूक खात्यात विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि जुन्या स्प्रिंग-शॉकअप पुसून, खुणा करून घरी ठेवा, परत बसवता येतील अशा.

आवाज ओळखणं

जागेवर स्टेअरिंग फिरवताना 'टंग' आवाज येऊन स्टेअरिंग झटका देतं: वरचं बेअरिंग जाम आहे आणि स्प्रिंग पिळून सुटते आहे. रम्बलरवर खडखड, पण मोठ्या खड्ड्यात शांत: अँटी-रोल बारचा (गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड. गतिरोधक उतरताना एकच बोथट 'धप्प': बंप स्टॉप, टाय लावून पुन्हा मोजा. पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना खरखर: टायर आतल्या प्लॅस्टिकला लागतो आहे, रिमचा ऑफसेट (ती किती आत-बाहेर बसते) तपासा. एका बाजूच्या खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते: टाय रॉडचा कोन.

हेडलाइटची पातळीही बदललेली असते. पुढे-मागे सारखंच उतरलं तर थोडी, मागे १० मिमी जास्त बसलं तर प्रकाश दहा मीटरवर ४ सेंमी वर चढतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून लो-बीमची वरची रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली आणा, मागची सीट रिकामी असताना. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जाताना मागे तीन माणसं, डिकीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या सजावटीचं) सामान आणि फटाक्यांची पेटी असं ओझं चढलं की मागचा भाग आणखी तीन-चार सेंटिमीटर बसतो आणि तीच रेघ समोरच्याच्या डोळ्यांत जाते. डॅशबोर्डवरचं हेडलाइट खाली करायचं चाक शून्यावरून दोन-तीनवर फिरवा, आणि घरी पोचून सामान उतरवल्यावर परत शून्यावर आणा.